फोनला सांगायचं नाव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगदाण्याची चटणी. ती चुलीपुढं बसून दाणे भाजत होती आणि मी ते सुपात घेऊन चोळत होतो, फोलपटं उडवत होतो. दिवस मावळायला आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेची सहल निघणार होती आणि सहलीसोबत ही पण जाणार होती.

"अहो, पाखडून राहिलात का खाऊन राहिलात?"

"दोनच खाल्ले."

"तुमचे दोन म्हणजे अर्धं सूप. चाळीस लेकरांची चटणी हाय ही, तुमच्या एकट्याची न्हाई."

मी तिला दाखवून आणखी एक मूठ तोंडात टाकली. मग तिनं दाणे, लसूण, तिखट उखळात कुटलं, चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं आणि मीठ बघा म्हणाली. मी कमी आहे म्हणालो. बरोबर होतं, पण मी आजवर कधी बरोबर आहे म्हणालो नाही, म्हणून तेव्हाही म्हणालो नाही. तिला माझी खोड ठाऊक होती. तिनं मीठ वाढवलं नाही. डबा भरला, वर फडकं बांधलं. एवढंच. यापुढं आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. नात म्हणाली, आबा, तुम्ही बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मी बघते. तर ते ती बघेल.

नात लातूरला बी.एड. करते. बी.एड.च्या पोरींना काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. शिकवायचं आणि रोज वहीत लिहून काढायचं, काय शिकवलं, काय चुकलं. मागच्या बाकावर कॉलेजचे एक सर बसून बघतात. तिनं आमच्याच गावची शाळा मागून घेतली, आजीच्या हातचं खायला मिळतं म्हणून. आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या पार टोकाला. ओढा ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो.

शाळेत एक मोठा टीव्ही लावलेला आहे, बाजेएवढा. बोटानं त्याच्यावर लिहिता येतं, बोटानंच पुसता येतं. नातीला त्याचं लई कौतुक. रोज संध्याकाळी सांगायची, आज पृथ्वी फिरवून दाखवली, आज समुद्राच्या तळाला नेलं पोरांना. लाइट गेली की समुद्र पण जायचा, मग पोरं खडूनं मासे काढत बसायची. ते पण ती हसत सांगायची.

एकदा तिनं त्याच्यावर कंधारचा किल्ला दाखवला. वरून, खालून, आतून. मग पोरांना विचारलं, किल्ला केवढा असेल? चौथीतल्या एका पोरीनं दोन्ही हात पसरले. एवढा. टीव्हीएवढा. बाकीच्यांनी माना हलवल्या, हाव, एवढाच.  त्या दिवशी जेवताना नात म्हणाली, "आबा, माझा पाठ चुकला. सर म्हणाले छान झाला, पण चुकला. किल्ला इथून दहा-बारा कोसांवर आहे आणि पोरांना तो बाजेएवढा वाटतोय."

मी म्हणालो, "मग ने की त्यांला. चालू दे पायानं. पाय दुखले म्हणजे कळंल केवढा हाय."

हे मीच बोललो. सहलीचं तिच्या डोक्यात मी घातलं.

मी जन्मभर बैलांचा साज विकला. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा. आज लोह्याचा बाजार, उद्या कंधारचा, मग उदगीर, देगलूर, आणि वर्षातून एकदा माळेगावची यात्रा. मला जे येतं ते रस्त्यावर आलं. वाचायला आलं ते एसटीच्या पाट्यांवरून. देगलूरला तेलुगू शिकलो, उदगीरला कानडी, गिऱ्हाईक परत जाऊ नये एवढी. शाळेच्या तीन वर्षांत मास्तरांनी मला काय शिकवलं ते आठवत नाही, पण कोणत्या गावच्या विहिरीचं पाणी खारट ते अजून सांगतो. हे सगळं मी नातीला छाती फुगवून सांगायचो. ती वहीत लिहून घ्यायची. ही चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा तिथूनच म्हणाली,

"तुम्ही हिंडून शहाणे झालात. मग मी घरी बसून येडी राहिले का?"

नात हसली, मी पण हसलो.  कंधारच्या किल्ल्यापुढून मी हजार वेळा गेलो असेन. हिला एकदा नेलं नाही. ती कधी चला म्हणाली नाही आणि मला सुचलं नाही. बाजाराला बायको कशाला न्यायची, असंच डोक्यात.

सहलीला पोरींसोबत एक बाईमाणूस लागतं. शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. हेडमास्तर घरी आले, म्हणाले, आजींना पाठवा. पहिल्या दिवशी कंधार करून नांदेडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी इस्लापूरचा धबधबा. गाडीत जागा आहे, आजोबा, तुम्ही पण चला.

"मी काय करू? दगडं बघून बघून डोळे गेले माझे," मी म्हणालो.

आता फोनचं सांगतो, कारण सगळं त्याच्यातच अडकलेलं आहे.

नातीनं तिचा जुना फोन आजीला दिला होता. हिला अक्षर येत नव्हतं. नातीनं शिकवलं, माइकच्या चित्रावर बोट ठेव आणि ज्याला लावायचा त्याचं नाव सांग, फोन आपोआप लागतो. वर्गातही ती तेच करायची. ज्या पोरांचं लिहिण्यात घोडं अडायचं, ती टीव्हीला तोंडानं विचारायची आणि टीव्ही सांगायचा. हिनं दोन दिवसांत शिकून घेतलं. लेकाचं नाव घेतलं की लातूरला लेकाला लागायचा, बहिणीचं घेतलं की बहिणीला. मला अजून त्या फोनचं कुलूप उघडता येत नाही.

पण मला लावायचा तर माझं नाव घ्यायला पाहिजे. ते ती घेईना. आमच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेव्हा वाजंत्री चालू होती, मला ऐकूच आलं नाही. त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं 'अहो' आणि 'आमचे हे'. माझ्याच नावाचा एक जण आमच्या गल्लीत राहतो, त्याला सुद्धा ती 'कोपऱ्यावरचे' म्हणायची.

नात म्हणाली, "आजी, उखाण्यात घे. फोनला काय, चालतंय."

हिनं पदर तोंडाला लावला, माइक दाबला आणि म्हणाली, "उडदाच्या डाळीला फोडणी देते जिऱ्याची..." आणि माझं नाव यायच्या जागी हसायलाच लागली. फोननं तेवढंच ऐकलं. फोनवर एक बाई आली आणि डाळीला फोडणी द्यायला लागली.

"अगं बया, ह्याला कळलं की!" ही म्हणाली. मग फोन जवळ धरून बघायला लागली. "आन् तेल बघा किती वतून राहिली. घर बुडवंल ही."

तिघंही पोट धरून हसलो. हसणं थांबल्यावर नात म्हणाली, "मी नंबर 'आबा' म्हणून टाकते. आबा म्हणायला तुला काय होतंय?"

ही लगेच तयार झाली. मी नको म्हणालो.

"का हो आबा?"

"मी तुझा आबा. हिचा कोण? माझ्या बापानं नाव ठेवलंय मला. तेच टाक."

"अहो, पण मला लावायचा झाला तर?"

"अडली म्हणजे घेशील."

हे माझे शब्द. बोललो तसे लिहिले. मला काही तिला अडवायचं नव्हतं. मरायच्या आधी एकदा हिच्या तोंडून आपलं नाव ऐकावं, एवढीच हौस होती. ती मला सरळ सांगता आली नाही. लाज वाटली. म्हणून अडून बसलो. नातीनं माझं नाव टाकलं. मग दुसरी वाट पण काढली, म्हणाली, आबांचा फोटो टाकते, फोटोवर बोट ठेवलं की झालं. त्या दिवशी माझी दाढी वाढलेली होती. मी म्हणालो, उद्या काढ. उद्याला दुसरं काहीतरी निघालं आणि ते राहिलं.

सहलीच्या दिवशी पहाटे एसटी शाळेपुढं येऊन उभी राहिली. पोरांचा एकच गलका. ही ठेवणीतलं लुगडं नेसून खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा. खाली मी.

"मी काय फोन करायची न्हाई," ती म्हणाली. "तुम्हीच करा."

"मी न्हाई करत. बघू."

"बघा मग."

गाडी गेली.

मी दिवसभर माझा बटणांचा फोन वरच्या खिशात घालून हिंडलो. अकराला वाटलं लावावा, पोचली का विचारावं. नाही लावला. बाराला हॉटेलात चहा पिताना फोन काढला, बघितला, ठेवून दिला. हॉटेलवाला म्हणाला, "काय अण्णा, एका दिवसात करमंना का?"

"तू गप चहा कर," मी म्हणालो.

मी मनाशी पैज लावून बसलो होतो, आधी तीच नाव घेऊन फोन लावेल. पैज तिला सांगितलेली पण नव्हती. न कळताच ती गेली असती तर गोष्ट निराळी, पण पैज तिला कळली होती. तिला माझं सगळंच कळायचं.

दोनच्या सुमाराला फोन वाजला. हिचा नंबर मला पाठ आहे. मी बाकड्यावरून उठून उभा राहिलो. हॉटेलात चार माणसं होती, त्यांना हात करून गप्प बसवलं. फोन कानाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हाव का! घेतलं का न्हाई शेवटी नाव?"

 तिकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. मग नात म्हणाली, "आबा."

हातात आजीचाच फोन होता म्हणून तिनं त्याच्यावरून लावला. पोरं किल्ल्यात गेली तेव्हा आजी म्हणाली होती, मी इथंच बसते, तुम्ही बघून या. पोरं परत आली तर ती झाडाला टेकून होती आणि फोन मांडीवर. पोरींना वाटलं, झोपली. दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हात लावला आणि सांगितलं, संपलंय. हृदय म्हणाले. मी हॉटेलात उभा होतो. चार माणसं माझ्याकडं बघत होती आणि मगाचं हसू तसंच त्यांच्या तोंडावर होतं. माझ्याही असेल.

संध्याकाळपर्यंत तिला घरी आणलं. लेक, सून लातूरहून आले. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग देऊन माती देतात. दिवस बुडायच्या आत ते झालं. मी तिच्या बाजूला उभा होतो आणि मला काही करायचं नव्हतं. जंगम सांगत होते, लोक करत होते. मला म्हणाले माती टाका, मी टाकली.

घरी आल्यावर नात माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आबा, मी टीव्हीवरच दाखवायला पाहिजे होता किल्ला. पोरांना बाजेएवढा वाटला असता तर वाटला असता."

तिला समजावायला पाहिजे होतं. मोठी माणसं असं काहीतरी बोलतात, वेळ आली होती, कुणाच्या हातात नसतं. माझ्या तोंडातून ते निघेना. मी दुसरंच विचारलं.

"तिनं मला लावला होता का?"

नातीनं फोन बघितला. "नाही. माझ्याआधी कुणालाच लागलेला नाही." मग म्हणाली, "मी 'आबा'च टाकायला पाहिजे होतं."

"तू टाकत होतीस. मी नको म्हणालो."

 तसं नाही आबा, असं तरी म्हणेल वाटलं होतं. तसं ती म्हणाली नाही. खोटं बोलायची तिला सवय नाही.

पुढं महिनाभर ती शाळेत गेली नाही. मग गेली. वर्षाच्या शेवटी कॉलेजला लिहून द्यायचं होतं, वर्गातलं यंत्र आणि सहल यांतून काय शिकलात. तिनं मला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की टीव्हीवरचं पाहिजे तिथं थांबवता येतं, मागं नेता येतं, पोराला कळलं नाही तर परत दाखवता येतं. सहलीत गाडी निघाली की निघाली. तिथं जे शिकायचं ते एकदाच, आणि कुणाला काय शिकायला मिळेल ते मास्तरच्या हातात राहत नाही. म्हणून मास्तरनं पोरांना न्यावं का नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं तिथं लिहिलं, निष्कर्ष स्पष्ट हवा. तिनं बदललं नाही. मी म्हणालो, बरोबर केलंस. पण मी तिसरी शिकलेला, माझ्या म्हणण्याला काय.

हे सगळं नंतरचं. माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते सांगायचं राहिलं.

उठलो, अंघोळ केली, विभूती लावली आणि टोपी घालून निघालो. लेक दारात आला. "अण्णा, कुठं निघालात? माणसं भेटायला येतील आता."

"कंधारला जाऊन येतो."

"आज? लोक काय म्हणतील?"

"सुतक धरत न्हाईत आपल्यात," मी म्हणालो आणि पहिल्या एसटीनं गेलो.

किल्ल्याच्या दारापाशी वॉचमन होता, खाडकन उठून उभा राहिला, साहेब-बिहेब कुणी आलं असं त्याला वाटलं असेल. मी विचारलं, काल इथं एक म्हातारी बसली होती, कुठं बसली होती?

"सहलीसंगं आल्या होत्या त्या मावशी? त्या लिंबाखाली. तुम्ही कोण त्यांचे?"

"गावचा हाय."

त्यानं मला झाडापाशी नेलं. दोघं बसलो. माणूस बोलका होता.

"पाय भरून आले म्हणल्या, म्हणून बसल्या. मग फोन काढला. लई वेळ फोनशी बोलत होत्या."

"काय बोलत होती?"

"'अहो, ऐकलं का.' असं दोनदा-तीनदा. मला वाटलं पलीकडं कुणी हाय. मग मलाच हाक मारली. दादा, एवढा आमच्या ह्यांना लावून दे. मी फोन घेतला. त्याच्यात नावंच नावं. म्हणलं, मावशी, नाव सांगा. त्या सांगंनात. आडनाव विचारलं, तर त्या आडनावाचे सात जण निघाले. सगळ्यांना लावू का म्हणलं. तर हसल्या."

"हसली?"

"हाव. म्हणलं, घ्या की नाव, हितं कोण ऐकून राहिलंय? तर म्हणल्या, त्याच्यासाठीच तिकडं टपून बसलेत, घेतलं म्हणजे जिंकले ते. राहू दे, नात येईलच आता."

मी विचारलं, "छातीत दुखतंय म्हणाली का?"

"न्हाई बा. घाम लई आला होता. म्हणलं, पाणी आणतो. तांब्या घेऊन आलो तर मान कललेली." मग मलाच विचारायला लागला, "मला वाटलं, डोळा लागला. लेकरं यीस्तोवर मी हलवलं न्हाई त्यांना. हलवायला पाहिजे होतं का?"

मला काय माहीत. मी नाही म्हणून मान हलवली.

"त्यांचे मालक कसे हायत?" त्यानं विचारलं.

"हायत," मी म्हणालो.

मग त्याला म्हणालो, पहिल्यापासून परत सांग. त्यानं सांगितलं. या खेपेला हसल्याचं गाळलं. मी म्हणालो, हसली म्हणालास ना? हाव, हसल्या की, तो म्हणाला. मला वाटतं, तो आता माझ्याकडं नीट बघायला लागला होता. एवढ्यात रस्त्यावर एक एसटी येऊन थांबली, कुठल्यातरी शाळेची सहल. तो उठून दाराकडं गेला. जाताना म्हणाला, "बाबा, किल्ला बघून घ्या आलातच तर." मी नको म्हणालो.

गावाकडं जायची गाडी बाहेर लागलेली दिसत होती. मी उठलो नाही. ती भरली आणि गेली. पोरं दोन-दोनच्या रांगेनं आत आली, एकमेकांचे हात धरून, आणि झाडाखाली सावलीत टेकायला धावली. त्यांच्या बाई, नातीएवढ्याच असतील, मला म्हणाल्या, "आजोबा, जरा सरकता का? मुलांना बसू द्या."

मी सरकून बसलो.